छप्पर वादळाने नेलं, की सैल बांधणीने?

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, अलिबाग या पट्ट्यात असंख्य घरांचे पत्रे, कौलं गेली. शाळाही उघड्या पडल्या. तेव्हापासून एकच निर्वाळा ऐकू येतो: वादळच एवढं मोठं होतं, तिथे घर काय करणार? हा निर्वाळा चुकीचा आहे आणि घातकही आहे. तो मान्य केला की पुढचं छप्परही तसंच घालायला आपण मोकळे होतो.

अशा वादळातल्या ताशी 120 किलोमीटर वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण 68 किलो भरतो. काश्मीर-हिमाचलात छपरावर ताज्या बर्फाचा दोन फुटी थर साचला तर ओझं जवळपास एवढंच होईल. फरक दिशेचा आहे. बर्फ छप्पर खाली दाबतो, तर वारा कमी उताराचं छप्पर वर ओढतो. ही ओढ कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्यापाशी सर्वांत जास्त असते. दार-खिडकी फुटून वारा आत शिरला की तो आतूनही छप्पर उचलतो. लोखंडी पत्र्याचं स्वतःचं वजन चौरस मीटरला पाचेक किलो. त्याच्या भरवशावर काहीच टिकत नाही. टिकते ती बांधणी, आणि आपल्याकडे कौलं रिपांवर नुसती टेकलेली असतात, वासे भिंतीवर नुसते ठेवलेले असतात.

वादळ अपवादात्मक होतं, हा आक्षेप सर्वांत वजनदार वाटतो. पण इमारतींनी किती भार पेलावा हे सांगणाऱ्या भारतीय मानक 875 मध्ये शेजारच्या मुंबईसाठी धरलेला मूळ वारा सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर आहे. निसर्गचा वारा याच्या आतला होता. अपवाद म्हणावा तर वर्षही पुरतं उलटलं नव्हतं, तोच मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ याच किनाऱ्याला घासून गेलं. दुसरीकडे असा प्रश्न कसा हाताळला ते पाहा: पोलंडमध्ये कातोवित्सेजवळ 28 जानेवारी 2006 रोजी बर्फाच्या ओझ्याखाली प्रदर्शनाचं सभागृह कोसळून 65 माणसं मेली. बर्फ तर तिथे दर हिवाळ्याला पडतो. म्हणून चौकशी बर्फापाशी थांबली नाही; ती आराखड्यातल्या चुकांपर्यंत पोचली आणि आराखडा करणारे न्यायालयात दोषी ठरले. रायगडात मात्र आपण वाऱ्यापाशीच थांबतो.

नारळ-पोफळीची झाडं पडून मोडलेली घरं यात धरू नयेत, हे मान्य. झाडाच्या घावापुढे बोल्टाचा उपयोग नाही. परंतु ज्यांच्यावर झाड पडलं नाही अशा घरांचं काय? गरिबाला मजबूत बांधणी परवडत नाही, असं त्यावर सांगतात. परवडत नाही ते दर वादळानंतर नवं छप्पर घालणं. वासा भिंतीत पुरलेल्या लोखंडी पट्टीने जखडणं, पत्र्याला कडेला दाट हूक-बोल्ट घालणं, कौलं तारेने रिपांना बांधणं, यांचा खर्च संपूर्ण छपराच्या मानाने किरकोळ आहे. काम गावच्या सुताराच्या आणि पत्रे बसवणाऱ्याच्या आवाक्यातलं आहे. त्याला ते कुणी सांगितलेलं नाही एवढंच.

म्हणून पंचनाम्यात घर किती पडलं याच्याबरोबर छप्पर कशाने धरलेलं होतं हेही लिहिलं जावं, आणि भरपाईचा एक हिस्सा नवी बांधणी तपासल्यावरच हाती यावा. सुरुवात शाळांपासून व्हावी, कारण वादळाच्या दिवशी गाव आसऱ्याला तिथेच नेलं जातं.