शेत जागेवरच असते, सातबारा हरवतो

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. संगणक हा माझा विषय नव्हे. तरीही शाळेतल्या जुन्या संगणकांवर लिनक्स टाकण्याचे काम गेल्या वर्षी मीच अंगावर घेतले. एका संध्याकाळी घरी बसून तेच काम करत असताना संगणकाला दोन डिस्क जोडलेल्या होत्या. एक रिकामी करायची होती. दुसरीत मरहूम अब्बांच्या आवाजातली रेकॉर्डिंग होती. मी 'पार्टेड' उघडले, 'आरएम १' असे लिहिले आणि एन्टर दाबले. त्याने काहीच विचारले नाही. नोंद पुसली गेली, आणि मग लक्षात आले की डिस्क चुकली होती.

अम्मीला काय सांगू, हाच पहिला विचार मनात आला.

एका माजी विद्यार्थ्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, आता त्या डिस्कवर काहीही लिहू नका. फॉरमॅट तर मुळीच नको." दुसऱ्या दिवशी तो आला, 'टेस्टडिस्क' चालवले. डिस्क तपासून त्याने जुन्या विभागाची सुरुवात आणि शेवट शोधला, नोंद परत लिहिली. अब्बांचा आवाज होता तिथेच होता.

हे समजून घेण्यासारखे आहे. जुन्या पद्धतीच्या डिस्कमध्ये पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरात फक्त ६४ बाइटचा तक्ता असतो. चार नोंदी, प्रत्येकी १६ बाइटची. कुठला विभाग कुठे सुरू होतो, किती लांब आहे, हे त्यात असते. म्हणजे हा डिस्कचा सातबाराच. उतारा फाटला म्हणून शेत नाहीसे होत नाही. पण उतारा नसलेल्या शेतात उद्या दुसराच कोणी नांगर घालतो. नव्या जीपीटी पद्धतीत तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. पण हुकूम आपणच दिला तर दोन्ही प्रती बदलतात.

काही सहकारी म्हणाले, "असली काळी खिडकी उघडायचीच कशाला? दुकानात द्यायचे." मला हे पटत नाही. दुकानदार घाईत असतो, आणि अब्बांचा आवाज त्याच्या दृष्टीने एक फाइल असते. दोष काळ्या खिडकीचा नव्हता, माझ्या घाईचा होता. 'एफडिस्क'मध्ये तुम्ही कितीही बदल करा, 'डब्ल्यू' दाबेपर्यंत डिस्कवर काही लिहिले जात नाही. 'क्यू' दाबून बाहेर पडता येते. फेरफार नोंदीवर हरकत घ्यायला मुदत असते ना, तसे. 'पार्टेड' मात्र हुकूम मिळताच अंमल करते. दोन्ही अवजारे चांगली आहेत, पण कुठले थांबते आणि कुठले थांबत नाही हे आधी ठाऊक हवे.

आता मी तीन गोष्टी करतो. 'एलएसबीएलके'ने डिस्कचा आकार आणि मॉडेल पाहतो, कारण 'एसडीए', 'एसडीबी' ही नावे संगणक पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात. मग 'एसएफडिस्क'च्या डम्प पर्यायाने तक्ता साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरवून दुसऱ्या डिस्कवर ठेवतो. गरज पडली तर त्यावरून तो पुन्हा बसवता येतो. आणि मूळ फाइलींची वेगळी प्रत ठेवतोच, कारण तक्त्याची नक्कल म्हणजे माहितीची नक्कल नव्हे.

आपल्या मुलांना संगणकाच्या तासाला चित्र रंगवणे आणि टायपिंग शिकवतात. माझे म्हणणे आहे की आठवी-नववीत एखाद्या निकामी पेनड्राइव्हवर हा तक्ता पुसून पुन्हा उभा करायलाही शिकवावे. कागद सांभाळा, हे आपल्या घरांत आता कुणाला सांगावे लागत नाही. पण आज लग्नाचे फोटो, दाखले, गेलेल्या माणसांचे आवाज सगळे डिस्कवर आहे. तो सातबाराही आपल्यालाच वाचता यायला हवा.

अम्मीला ही गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. ती दर जुम्म्याला ते रेकॉर्डिंग ऐकते.