प्लेटलेटचा आकडा आणि खरी गळती

पाऊस ओसरू लागला की घरोघरी एक आकडा तोंडपाठ होतो. 'काल ऐंशी हजार होत्या, आज पंचेचाळीस!' ऐकणारा चुकचुकतो आणि पपईच्या पानांचा रस सुचवून जातो. पुतणे-भाचे रक्तपेढीकडे धावतात. बँकेत उमेद गेल्यामुळे आकड्यांशी माझे जुने सख्य आहे. म्हणूनच म्हणतो, डेंग्यूत आपण भलत्याच खात्यातली शिल्लक मोजत बसतो.

तापाच्या पहिल्या दिवसांत लॅबमध्ये जी 'एनएस-१' तपासणी होते, ती विषाणूच्या एका प्रथिनाची. हे प्रथिन रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर सैल करते, असे अमेरिका व ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१५ साली प्रयोगांतून दाखवले. मातीचा माठ पाझरावा तशा केशवाहिन्या पाझरू लागतात. रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, पोटात आणि छातीत उतरतो, उरलेले रक्त दाट होते आणि नाडी क्षीण होत जाते. रक्त किती दाटले हे हिमॅटोक्रिटवरून कळते. रुग्णाच्या मूळ आकड्यापेक्षा तो वीस टक्क्यांनी चढला, की गळती चालू आहे असे डॉक्टर समजतात. प्लेटलेटच्याच कागदावर तो छापलेला असतो. पण त्यावर बोट ठेवून विचारणारा नातेवाईक मला अजून भेटायचा आहे.

आणखी एक चकवा आहे. ही गळती बहुधा ताप उतरण्याच्या सुमारास, तिसऱ्या ते सातव्या दिवसांत सुरू होते. घरचे 'सुटलो बुवा' म्हणत असतात, आणि पोटात सणकून दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्यांतून रक्त येणे, लघवी कमी होणे, रुग्ण मलूल किंवा बेचैन होणे, ही लक्षणे अशक्तपणाच्या नावावर खपून जातात.

मग प्लेटलेट चढवून काय साधते? सिंगापूर आणि मलेशियातील ३७२ प्रौढ रुग्णांवरचा अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. सर्वांच्या प्लेटलेट वीस हजार किंवा त्याहून खाली होत्या. निम्म्यांना त्या चढवल्या, निम्म्यांना नाही. रक्तस्राव पहिल्या गटात २१ टक्के, दुसऱ्यात २६ टक्के रुग्णांना झाला. हा फरक संशोधकांना निर्णायक वाटला नाही. उलट चढवलेल्यांत त्रासदायक प्रतिक्रिया अधिक आढळल्या. मोठा रक्तस्राव होत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टर देतीलच. पण केवळ आकड्याला घाबरून आपण जी पिशवी मागतो, ती जेमतेम पाच दिवस टिकते, आणि रक्ताच्या कर्करोगाचा एखादा रुग्ण त्याच पिशवीसाठी खोळंबलेला असतो.

व्हिएतनाममधला २००५चा अभ्यास मला याहून बोलका वाटतो. डेंग्यूने शॉकमध्ये गेलेली ५१२ मुले, आणि त्यांतले एकच दगावले. मध्यम शॉकमधल्या मुलांना साधे, स्वस्त रिंगर लॅक्टेट महागड्या द्रावांइतकेच उपयोगी पडले. अर्थात सलाइन लावून मोकळे होता येत नाही. एक-दोन दिवसांनी गळती थांबते, झिरपलेले पाणी रक्तात परतू लागते. तेव्हाही बाटली त्याच वेगाने चालू राहिली तर फुप्फुसांत पाणी साठते. म्हणून तासातासाला नाडी, रक्तदाब आणि लघवी मोजून थेंबांचा वेग कमी-जास्त करणारी परिचारिका लागते. रुग्णालयात चौकशी करायचीच, तर रात्रपाळीला एका परिचारिकेकडे किती खाटा असतात, याची करावी.