पत्र्याच्या तलवारी आणि वगातला राजा

गेल्या काही वर्षांत मराठी माणसाच्या पडद्यावर तलवारींचा खणखणाट पुन्हा वाढला आहे. २०१८ साली 'फर्जंद' आला, २०२२ साली 'पावनखिंड', आणि २०२५ मध्ये हिंदीतल्या 'छावा'साठी आपल्याकडची घरंच्या घरं थिएटरात लोटली. यांतलं काही मला आवडलं, काही नाही. पण इतक्या सिनेमांनंतरही या थाटाची फिरकी घेणारा एकही मराठी सिनेमा निघू नये, याचं मला नवल वाटतं. फिरकी महाराजांची नव्हे, हे आधीच सांगतो. तसं करायचं कुणाच्या मनातही येऊ नये. मी बोलतोय ते चिकटवलेल्या दाढ्यांबद्दल, वाऱ्यानं हलणाऱ्या बुरुजांबद्दल, आणि छातीत भाला घुसल्यावरही पाच मिनिटं अस्खलित भाषण करणाऱ्या सरदाराबद्दल.

अशा थट्टेची आपल्याला सवय नाही, असंही नाही. उलट तो आपला जुना धंदा. वगातला राजा आठवून पाहा. जरीचा अंगरखा, डोक्यावर मुकुट, कमरेला पत्र्याची तलवार, आणि दरबार भरला की शिपायापुढं त्याची बोलती बंद. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये राजा शिकारीला जातो आणि मागं प्रधान कोतवालाच्या जागेवर आपलाच माणूस बसवतो. हवालदाराच्या भूमिकेत दादा कोंडक्यांनी त्या दरबाराची अशी काही चंपी केली, की नाटक पाहून घरी गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी कचेरीत साहेबाकडं बघून गालातल्या गालात हसत असे.

'गाढवाचं लग्न' त्याहून सरस. हरिभाऊ वडगावकरांचा हा वग दादू इंदुरीकरांनी गाजवला. वरवर पाहता सगळा पौराणिक पोशाखी थाट: इंद्राचा दरबार, अप्सरा, गंधर्वाला शाप, राजकन्येशी लग्न हा उःशाप. पण शापानं गंधर्वाचं गाढव होतं आणि ते येऊन पडतं सावळ्या कुंभाराच्या दारात. तिथून पुढं देवादिकांची भाषा आणि कुंभारवाड्याची भाषा यांची जी टक्कर होते, ती हसून हसून पोट धरायला लावते. २००७ साली मकरंद अनासपुरेंना घेऊन त्याचा सिनेमा निघाला. तमाशा कधी न पाहिलेल्या पिढीनंही तो डोक्यावर घेतला, आजही घरोघरी लहानथोर एकत्र बसून तो बघतात. पोशाखी सिनेमाची गंमत करणारा आपला सिनेमा म्हणायचा तर हाच.

आता कोल्हापूरकर म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. बाबूराव पेंटरांनी १९२३ साली 'सिंहगड' काढला तो याच गावात. पुढं भालजी पेंढारकरांनी 'नेताजी पालकर' (१९३९) आणि 'छत्रपती शिवाजी' (१९५२) अशा सिनेमांतून पडद्यावर स्वराज्य उभं केलं. मराठी तलवारपटाचा पाया घातला तो कोल्हापूरनं. दादा कोंडक्यांना सिनेमात पहिली संधी कुणी दिली? याच भालजींनी, १९६९ च्या 'तांबडी माती'त. नाटकात रोज राजाची टोपी उडवणारा माणूस, आणि ज्यांनी आयुष्यभर राजा सिंहासनावर बसवला ते भालजी. या दोघांना एका स्टुडिओत काम करताना काही अडचण आली नाही. दोनच वर्षांत 'सोंगाड्या' आला आणि पुढचं सगळ्यांना ठाऊकच आहे.

प्रेक्षकांनाही अडचण नव्हती. माझं लहानपण वेदगंगेकाठी मुरगूडला गेलं. तंबूतल्या सिनेमात महाराज पडद्यावर आले की बायका हात जोडत, म्हातारी माणसं फेटा सावरून ताठ बसत. रीळ तुटलं तरी त्या वेळी शिट्टी वाजत नसे. आणि जत्रेच्या रात्री तीच माणसं वगातल्या राजाची फजिती बघून एकमेकांच्या पाठीत धपाटे घालत. राजाचा अंगरखा दोन्हीकडं जवळपास सारखाच असे. पण कुठं हात जोडायचे आणि कुठं हसायचं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. वगातल्या राजाला इतिहासातलं नाव नसतं, ही आपल्या शाहिरांची हुशारी त्यांना न सांगता कळत होती.

इंग्रजांनी हा खेळ कसा केला तेही बघण्यासारखं आहे. एलिझाबेथ टेलरच्या 'क्लिओपात्रा'चं चित्रीकरण १९६० साली लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत सुरू झालं. बाई आजारी पडल्या, मग कंपनीनं सगळा संसार रोमला हलवला. १९६३ साली सिनेमा लागला तोवर खर्चापायी फॉक्स कंपनी बुडायच्या बेताला आली होती. आणि मागं राहिलेले सेट, कपडे? ते वापरून १९६४ साली 'कॅरी ऑन क्लिओ' हा स्वस्तातला विनोदी सिनेमा उभा राहिला. त्यातला नायक चौकोनी चाक शोधून काढणारा एक भित्रा कारागीर. रोमन त्याला पकडून नेतात आणि गैरसमजानं शूर योद्धा ठरवून थेट सीझरचा अंगरक्षक करतात. आपला सोंगाड्याच म्हणा ना! जाहिरातीचं चित्रही 'क्लिओपात्रा'वरूनच उचललं होतं. त्यावरून फॉक्सनं कोर्टात खेचलं आणि ते चित्र मागं घ्यावं लागलं. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला या हिशेबाचं कौतुक वाटणारच: एकाची बुडीत मालमत्ता, दुसऱ्याचं भांडवल.

आपल्याकडं मात्र हल्ली उलटंच होताना दिसतं. मागं आमच्या भागातल्या एका शाळेत स्नेहसंमेलनासाठी मुलांनी वग बसवला होता. राजाचा मुकुट बिस्किटाच्या डब्याचा, तलवार पुठ्ठ्याची, प्रधान सातवीतला. आयत्या वेळी तो रद्द झाला. कुणी हरकत घेतली होती का, तर नाही. कुणीतरी घेईल, एवढ्या धास्तीनंच. राजाच्या वेषातला पोरगा घरी जाऊन रडला म्हणे. त्याच्या जागी सिनेमातल्या गाण्यावर नाच ठेवला. त्यावर कुणाच्याच भावना दुखावल्या नाहीत.

मला हे साधं वाटत नाही. ज्या मुलाला पुठ्ठ्याच्या तलवारीला हसू दिलं जात नाही, त्याला खरी तलवार कुठली हे तरी कसं कळणार? पुढं कुणीही भगवी कफनी किंवा जरीचा फेटा घालून समोर उभा राहिला की हे मूल हात जोडणार. वगानं आपल्या लोकांना त्यापासून वाचवलं होतं.

म्हणून एखाद्या कोल्हापूरच्या पोरानं हे मनावर घ्यावं. मोठ्या सिनेमाचं चित्रीकरण संपल्यावर उरलेला बुरूज भाड्यानं घ्यावा. कुठल्याच इतिहासात नसलेला एक राजा घ्यावा, त्याचं एक न चालणारं घोडं घ्यावं, आणि मरता मरता भाषण लांबवणारा एक सरदार. त्याचं भाषण संपेपर्यंत शत्रूकडचे शिपाई शेंगा फोडत बसलेत, एवढ्यावरच मी तिकीट काढीन. कर्जाचं मात्र मला विचारू नका. असला अर्ज माझ्या टेबलावर आला असता, तर तारण म्हणून घोडं लिहून घ्यावं की सरदार, याचाच मला घोर लागला असता.