रबर आधी, रंग मागाहून

जुन्या मोटारींच्या प्रदर्शनांना जाणे मी हल्ली सोडून दिले आहे. यात मत्सर नाही. एक जुनी गाडी माझ्याही दारात उभी आहे. पण तिथला तो सोहळा मला पाहवत नाही. माणसे बॉनेटवर वाकून आपला चेहरा न्याहाळतात, क्रोमवरून बोट फिरवतात, आणि मालक महाशय शेजारी उभे राहून रंगाचे किती हात दिले ते मोजून सांगतात. डिकीतली चटई उचलून खालचा पत्रा पाहणारा एकही रसिक मला आजवर भेटला नाही. पुढच्या काचेभोवतीच्या रबराला नख लावून पाहणारा तर नाहीच. लावले असते तर काळा भुगा त्याच्या नखात राहिला असता. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात तो हा प्रकार!

माझे म्हणणे साधे आहे. जुन्या गाडीवर पहिला पैसा खर्चायचा तो काचांच्या, दारांच्या आणि दिव्यांच्या रबरावर. रंग मागाहून. आमच्याकडे नेमके उलट चालते, आणि पैसे संपल्यावर जे उरते त्यात रबराचा नंबर लागतो.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेले नाही. वडिलांनी 1968 साली घेतलेली फियाट 1100 डिलाइट, कुर्ल्याच्या कारखान्यातली, त्यांच्या पश्चात माझ्याकडे आली. पहिल्या उत्साहात मी ती रंगाला दिली. मिस्त्रीने काचा काढल्याच नाहीत. रबरावर चिकटपट्टी लावून रंग मारला. दिसायला गाडी नवरीसारखी झाली. मागच्या दिव्यांखालची गॅस्केटे कडक होऊन तडकली होती, तिथे त्याने ट्यूबमधले सिलिकोन पिळले. दोन दिवस गाडीला व्हिनेगरचा वास येत होता. त्या वासाचा अर्थ मला नंतर कळला. त्या जातीचे सिलिकोन वाळताना अॅसेटिक आम्ल सोडते, आणि ते आम्ल पत्र्याला व तांब्या-पितळेच्या जोडांना खाते. शिवाय दिव्याच्या तळाशी पाणी निचरण्यासाठी असलेले बारीक भोकही त्या सद्गृहस्थाने इमानाने बुजवून टाकले होते!

पुढच्या पावसाळ्यात, 2017 च्या जुलैत, साताऱ्याच्या वाटेवर खंबाटकीचा घाट चढत होतो. धुके, पाऊस, बरोबर पत्नी आणि मागे नातू. एकाएकी मागे करकचून ब्रेक वाजला. एक ट्रक डिकीपासून दोन हातांवर थांबला होता. चालक खाली उतरून म्हणाला, "काका, मागं दिवा न्हाई की वो! पोरगं बसलंय मागं, दिसतंय का?" मी उतरून पाहिले. डाव्या दिव्यात मत्स्यालयासारखे पाणी साचले होते आणि उजव्याचा अर्थ गंजून तुटला होता. दोन इवलीशी गॅस्केटे! रंगाच्या बिलाच्या कोपऱ्यातही मावली असती. त्या ट्रकवाल्याला मी काही उत्तर दिले नाही. द्यायला नव्हतेच.

घरी आल्यावर काचा उतरवल्या. चिकटपट्टीच्या रेषेपर्यंत रंग झळकत होता आणि रेषेपलीकडे, जुन्या रबराच्या आड, पत्रा चाळणी झाला होता. वर्षानुवर्षे पाणी तिथे मुरत होते आणि तिथून जमिनीच्या पत्र्यात उतरत होते. रंगाने फक्त त्यावर पांघरूण घातले.

आता विरोधकांकडे वळतो. त्यांचा पहिला गट मूळपणाचा. "रबर मूळचे आहे, हात लावू नका." अहो, रबर म्हणजे काही ताम्रपट नव्हे! गुडइयरने गंधकाने रबर पक्के केले, 1844 मध्ये त्याचे पेटंट घेतले, तरी त्याला अमरत्व कुणी दिले नाही. हवेतला ओझोन अगदी अत्यल्प प्रमाणातही ताणलेल्या नैसर्गिक रबराला तडे पाडतो, आणि ते तडे ताणाच्या आडवे पडतात. तुमच्या काचेच्या कोपऱ्यात, जिथे रबर वाकून ताणले जाते, तिथे पाहा. पहिली भेग तिथेच असेल. कोकणात पावसाळ्यापूर्वी कौले शाकारतात, फुटकी बदलतात. म्हणून आजोबांचे घर आजोबांचे राहत नाही काय? 2021 साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी वेगळी नोंदणी काढली, 'व्हीए' अक्षरांची. मूळ स्वरूपाची अट तिथेही आहे. पण ती चासी, बॉडी आणि इंजिन यांच्या मोठ्या फेरफाराबद्दल बोलते. काचेच्या रबरावर सरकारचा डोळा नाही. तुमचाच का असावा?

दुसरा गट मीटरवर मिळणारे कुठलेही रबर ठोकणाऱ्यांचा. हे अधिक घातक, कारण त्यांना वाटते आपण काम केले. दाराला स्पंजासारखे मऊ रबर लागते. तिथे भरीव रबर लावले की दार बसत नाही, मग ते आपटायचे, आणि बिजागऱ्या सैल झाल्या की जुनी गाडी अशीच असते म्हणायचे. योग्य रबरही पहिले काही आठवडे दाबले जाईपर्यंत दार जड करतेच. तेवढा धीर धरावा. बाहेरच्या कामाला ईपीडीएम रबर घ्यावे, ते ऊन आणि ओझोन सोसते. मात्र त्याला ग्रीस किंवा केरोसीन लावू नये, ते फुगते. काच बसवायला साबणाचे पाणी पुरते. रबर काचेभोवती चढवायचे, त्याच्या खाचेत दोरी फिरवायची, काच बाहेरून दाबायची आणि आतून दोरी हळूहळू ओढायची. रबराची ओठाळी आपसूक चौकटीवर चढते. हे पाहण्यासारखे काम आहे. ज्याने एकदा पाहिले तो ट्यूब पिळणाऱ्याला पुन्हा दारात उभा करणार नाही. दिव्यांचे स्क्रू मात्र थोडे थोडे, आलटून पालटून पिळावे. एकदम आवळले की लाल काच तडकते.

आणि खर्चाचे रडगाणे मला ऐकवू नका. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेल्या. त्यांच्या चालकांपैकी कित्येकांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कात्रीने कापून दिव्याखाली घातलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. त्यात मूळपणा नव्हता, पण पाणी अडत असे आणि दिवा जळत असे. क्रोमवर हजारो रुपये उधळणाऱ्या हौशी लोकांनी त्या कात्रीपुढे मान खाली घालावी.

प्रदर्शनाच्या परीक्षकांना माझी एक सूचना आहे. गुण देण्यापूर्वी प्रत्येक गाडीवर झारीने पाच मिनिटे पाणी ओतावे, मग चटया उचलाव्यात आणि दिवे लावावेत. निम्मी पारितोषिके तिथेच वाहून जातील. माझेही जाईल कदाचित; गेल्या पावसाळ्यात डाव्या मागच्या दाराखालची चटई पुन्हा ओली निघाली. ते रबर ऑपेरा हाऊसच्या दुकानदाराला सांगून ठेवले आहे.