खिळा न ठोकता एक कोपरा



‘टेन्शन’ म्हटले की आपल्या घरांत पोरांची फी, घरभाडे आणि महिनाअखेर एवढेच डोळ्यांपुढे येते. आज ज्या वस्तूविषयी लिहीत आहोत तिचे नावही टेन्शन रॉडच आहे, पण ती घरातले थोडे टेन्शन कमी करते. भांड्यांच्या आणि पडद्यांच्या दुकानांत ही दांडी आता सहज मिळते. ती बसवायला खिळा लागत नाही, ड्रिल लागत नाही, सुतारही लागत नाही.

एका नळीत दुसरी नळी, आत स्प्रिंग आणि दोन्ही टोकांना रबराची टोपणे, एवढीच तिची रचना. नळी पिळून लांबी वाढवायची, दाबून दोन भिंतींच्या मध्ये बसवायची आणि सोडून द्यायची. स्प्रिंग दोन्ही भिंतींना रेटून धरते, रबर घसरू देत नाही आणि दांडी जागेवर राहते. काढली की भिंतीला भोक नाही. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांना याचे मोल सांगायला नको. आधी आडनाव ऐकून खोली मिळता मिळत नाही, आणि मिळाली तर सोडताना घरमालक एकेका खिळ्याचे भोक मोजून डिपॉझिट कापतो.

परंतु केवळ सोयीची वस्तू म्हणून हा विषय आम्ही निवडलेला नाही. प्रश्न जागेचा आहे आणि ती कोणाच्या वाट्याला येते याचा आहे. बी.डी.डी. चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत आपल्या दोन-तीन पिढ्या गेल्या. झोपडपट्टी पुनर्वसनाचे घर आधी २२५, पुढे २६९ आणि नंतर ३०० चौरस फुटांचे झाले. २०२५ साली वरळीच्या काही कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घराच्या चाव्या मिळाल्या, याचा आनंदच आहे. तरीही आपली अनेक कुटुंबे आजही एका खोलीतच स्वयंपाक करतात, झोपतात, पाहुणे बसवतात आणि तिथेच मुले शिकवतात. अशा घरात कपडे बदलायला मुलगी मोरीत जाते. बाळंतीण भिंतीकडे तोंड करून बाळाला पाजते. बारावीची मुलगी सगळे झोपेपर्यंत पुस्तक मांडीवर घेऊन थांबते, आणि दिवा लावला की कोणीतरी ओरडते.

बाबासाहेबांचे शालेय शिक्षण आठवा. परळच्या डबक चाळीत सगळे कुटुंब एका खोलीत राहत होते. त्याच खोलीत स्वयंपाक, तिथेच सामान आणि तिथेच झोपणे. सुभेदार रामजीबाबा भीमरावांना लवकर झोपवत आणि रात्री दोनच्या सुमारास उठवून अभ्यासाला बसवत. जागा वेगळी काढता येत नव्हती म्हणून त्या बापाने वेळ वेगळी काढली. भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले, त्यामागे ही घरातली शिस्त होती. पुढे बाबासाहेबांनी दादरला ‘राजगृह’ बांधले तेव्हा पुस्तकांसाठी प्रशस्त जागा ठेवली. आपल्याला राजगृह बांधता येणार नाही. पण एका दांडीवर एक पडदा लावून सहा फुटांचा कोपरा अभ्यासासाठी राखता येतो.

माप आणि बसवणी

दांडी घेण्यापूर्वी टेपने माप घ्या, आणि जिथे दांडी बसवायची त्याच उंचीवर घ्या. जुन्या भिंती सरळ नसतात. खाली सहा फूट भरले तर वर दोन इंच कमी-जास्त निघतात. दांडीच्या पुड्यावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त लांबी लिहिलेली असते. आपले माप त्या दोहोंच्या मधोमध येईल अशी दांडी घ्या. पूर्ण ताणलेली दांडी मध्ये वाकते आणि भारही कमी पेलते. सहा-सात फुटांपर्यंत जाड नळीची दांडी हलका पडदा नीट धरते. खोलीची आख्खी दहा फूट रुंदी या दांडीने पार करू नका. तिथे स्वतःचे घर असेल तर दोन स्क्रू मारून पडद्याची तारच लावावी.

दोन्ही बाजूंची भिंत पक्की हवी. टाइल्स आणि ऑइलपेंटवर रबर चांगले धरते. चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीची पूड हाताला लागत असेल तर रबर घसरते. आधी ओल्या फडक्याने भिंत पुसून पूर्ण वाळू द्या. गिलाव्याला पोपडे आले असतील तर तिथे दांडी लावूच नका, कारण तिच्या रेट्याने पोपडा निघतो. पत्र्याची किंवा पातळ प्लायवूडची भिंत दाबाखाली वाकते. लोखंडी कपाटाचाही आधार घेऊ नये, ते सरकते. रबर आणि भिंत यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवला तर पकड वाढते आणि रंगावर डाग पडत नाही.

दांडी बसवताना नळी पिळून जागेपेक्षा थोडी लांब करा, मग दाबून आत सरकवा. दोन्ही टोके एका पातळीत हवीत. जमिनीवरून मोजू नका, कारण मोरीकडे जमिनीला उतार असतो. गवंडी पाण्याची पारदर्शक नळी वापरतात, तीच युक्ती घरी करता येते. लावल्यावर पडदा चढवण्याआधी हाताने ओढून पाहा. पुढे पंधरा दिवसांनी एकदा तपासून पुन्हा थोडी पिळून घट्ट करा. मोरीतल्या दांडीच्या रबरावर साबणाचा थर बसतो, तो धुऊन काढा.

साडीचा पडदा

पडद्याला विकतचे कापड कशाला? पाचवारी सुती साडी सुमारे अठरा फूट लांब असते आणि तिचा पन्हा पंचेचाळीस इंचांच्या आसपास असतो. साडी मधोमध कापून नऊ-नऊ फुटांचे दोन तुकडे करा आणि लांब कडेला एकमेकांना शिवा. नऊ फूट रुंद आणि साडेसात फूट उंच कापड तयार होते. वर परकराला घालतो तसा दोन-अडीच इंचांचा नेफा घाला, खाली दुमड घाला. सहा फुटांच्या दांडीला चुण्या पडून बसेल असा सात फुटांचा पडदा होतो. रंग गडद निवडा, म्हणजे आतला दिवा झोपलेल्यांच्या डोळ्यांवर येत नाही. दांडी सात फुटांवर लावा. वर छतापर्यंत मोकळी जागा राहिली की पंख्याची हवा आत जाते.

याच दांडीचे इतर उपयोगही आहेत. मोरीला प्लास्टिकचा पडदा लावता येतो. कपाटाच्या कप्प्यात लहान दांडी आडवी बसवली की टॉवेल आणि ओढण्या टांगता येतात. दोन लहान दांड्या शेजारी-शेजारी बसवल्या की भांड्यांची झाकणे उभी राहतात. पुण्यात कॉट बेसिसवर राहून परीक्षांची तयारी करणाऱ्या आपल्या मुली दुमजली पलंगाच्या दोन खांबांमध्ये दांडी लावून स्वतःपुरता आडोसा करू शकतात.

ओट्याखाली पडदा लावणार असाल तर एक लक्षात ठेवा. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साठतो. म्हणून सिलिंडरपुढचा पडदा जमिनीपासून वीतभर वर ठेवा, रात्री बाजूला सारून ठेवा, आणि शेगडीच्या जवळ कोणतेही कापड टांगू नका.

काय टांगू नये तेही सांगतो. ओल्या चादरी नकोत, पाण्याने त्यांचे वजन फार वाढते. बाळाची झोळी तर कधीही नको. ही दांडी छतातल्या कडीची जागा घेऊ शकत नाही. तथागतांची आणि बाबासाहेबांची काचेची तसबीर या दांडीला टांगू नका, तिच्यासाठी पक्की फळीच हवी. माळ्याला किंवा खिडकीला कठडा म्हणून दांडी लावणे म्हणजे मुलाच्या जिवाशी खेळ आहे. लोंबकळणारी लहान मुले असतील तर त्यांचा हात पोहोचणार नाही इतकी उंच लावा.

शेवटी दोन गोष्टी. घरात पडदा आला की काही घरांत तो बाईला आत बसवण्याचे साधन होतो. आपल्याला तसला पडदा नको. हा पडदा कधी ओढायचा आणि कधी उघडायचा, हे आत बसणाऱ्या व्यक्तीने ठरवायचे. आणि कोपरा एकच असेल तर तो आपोआप मुलाला देऊ नका. ज्याची परीक्षा जवळ, त्याचा कोपरा, मग ती मुलगी असो, सून असो, की नोकरी सांभाळून पदवी पूर्ण करणारी आई असो.

दुसरी गोष्ट, कापड आवाज अडवत नाही. पडद्याच्या बाहेर टी.व्ही. मोठ्याने चालू असेल तर आतला कोपरा नावापुरता राहील. म्हणून ज्या दिवशी दांडी लावाल त्याच दिवशी घरातल्या सर्वांनी बसून अभ्यासाचे दोन तास ठरवा. त्या वेळेत टी.व्ही. बंद, मोबाइलचा आवाज बंद, पाहुणे आले तरी बोलणे हळू. वडीलधाऱ्यांनी हा नियम आधी स्वतः पाळावा. रामजीबाबा मुलाला उठवण्यासाठी स्वतः जागे राहत होते, हे विसरू नये.

येत्या रविवारी विहारातून वंदना आटोपून घरी आलात की टेप घेऊन आपली खोली एकदा मोजून पाहा. जयभीम.