जोडीतला दुसरा

ऋतुजा भोसलेनं हांगझोऊच्या एशियाडमध्ये रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेतलं, पण 'ते बोपण्णानं जिंकून दिलं' हे वाक्य काही अजून मरत नाही. सकाळी खेळून झाल्यावर आमच्याकडे चहाला बसणाऱ्या काकामंडळींपैकी कुणी ना कुणी ते म्हणतंच. ऋतुजावर त्यांचा राग नाही, उलट कौतुकच आहे. फक्त दुहेरी दोघांची असते हे त्यांना तोंडानं पटतं, मनानं पटत नाही. मी सोलापुरात मुलामुलींना टेनिस शिकवते, त्यातही दुहेरी जरा हट्टानं शिकवते. त्यामुळे माझा चहा त्या वाक्यापाशी हमखास गार होतो.

आधी हिशेब मांडू. 2022 ची स्पर्धा करोनामुळे लांबून 2023 मध्ये झाली. 30 सप्टेंबरला अंतिम सामना, समोर तैवानची हुआंग-लिआंग जोडी. पहिला सेट आपण 2-6 असा घालवला, दुसरा 6-3 घेतला आणि दहा गुणांचा सुपर टायब्रेक 10-4 असा जिंकला. उपांत्य फेरीतही समोर तैवानच, तिथंही एकेक सेट वाटून झाल्यावर टायब्रेक 10-4. बोपण्णा तेव्हा 43 वर्षांचा होता, ऋतुजा 27 ची. तीनच आठवड्यांपूर्वी तो अमेरिकन ओपनच्या पुरुष दुहेरीची अंतिम फेरी खेळून आला होता. आता काकामंडळी जी गोष्ट विसरतात ती अशी की, त्याच हांगझोऊत हाच बोपण्णा पुरुष दुहेरीत युकी भांबरीबरोबर उतरला आणि उझबेकिस्तानच्या, दुहेरीत फारसं नाव नसलेल्या जोडीकडून हरून पदकाच्या आसपासही न जाता बाहेर पडला. दुहेरीच्या क्रमवारीत युकी ऋतुजापेक्षा कितीतरी वरचा. एकट्या बोपण्णाच्या जोरावर पदक येणार असतं, तर ते आधी तिथं आलं असतं.

मिश्र दुहेरीत जिंकणं-हरणं कशावर ठरतं, ते कोर्टाच्या कडेला बसून नीट दिसतं. कोर्टावर चौघं, म्हणजे सर्व्हिस करणारे हात चार. त्यातल्या दोन पुरुषांची सर्व्हिस बहुतेक वेळा टिकते. उंचावरून येणारा तो चेंडू मोडून काढणं कुणालाच रोज जमत नाही. मग सामना उरतो दोन बायकांच्या सर्व्हिसवर आणि त्यांनी पुरुषाच्या सर्व्हिसवर मारलेल्या रिटर्नवर. समोरच्या जोडीचं गणित सरळ असतं, प्रत्येक चेंडू बाईकडे. सर्व्हिस तिच्या अंगावर, लॉब तिच्या डोक्यावरून, आणि ती नेटपाशी उभी असेल तर ड्राइव्ह तिच्या पोटाच्या रोखानं. नावाजलेल्या जोडीदाराला चेंडू मिळूच द्यायचा नाही. जोडीतल्या दुसऱ्याला हे सगळं तासदीड तास झेलायचं असतं, आणि पहिला सेट 2-6 असा गेल्यावर पुन्हा तिथंच उभं राहायचं असतं. कामाचा जड वाटा तिचा, टीव्हीवर चेहरा मात्र दुसऱ्याचा.

आमच्या कोर्टवर मी एक नियम केला आहे. दुहेरी खेळताना जोडीदाराला 'सॉरी' म्हणायचं नाही. म्हटलं की कोर्टाभोवती एक फेरी. पालकांना हा खुळचटपणा वाटतो. पण चूक झाली की सॉरी म्हणणारी मुलगी पुढच्या चेंडूला काय करते ते बघा. ती रॅकेट आखडून घेते, चेंडू नुसता पलीकडे ढकलते, मधोमध, अगदी सेफ. तो सेफ चेंडू नेटवर उभा असलेला समोरचा खेळाडू आयता खातो. मग आणखी एक सॉरी. चार गुणांत गेम जातो. मुलगे चुकले की रॅकेटच्या तारांकडे बघतात, जणू चूक गटिंगवाल्याची. मुली जोडीदाराकडे बघतात. वयाच्या अकराव्या वर्षीच ही सवय मोडली नाही, तर पुढे कितीही जोरात फोरहँड बसला तरी दुहेरीत ती मुलगी अर्धीच खेळते. म्हणून नेटवर उभं करून मी त्यांच्या अंगावर चेंडू मारते. मऊ नाही, चांगले मारते. रॅकेटचं डोकं छातीसमोर ठेवून पुढे पाऊल टाकायला शिकली, की बाकीचं हळूहळू येतं.

हे सगळं बोलायचा हक्क आमच्या जिल्ह्याला जरा जास्तच आहे. प्रार्थना ठोंबरे बार्शीची. 2014 च्या इंचॉन एशियाडमध्ये ती सानिया मिर्झाबरोबर महिला दुहेरी खेळली आणि कांस्यपदक घेऊन आली. वय वर्षं वीस. त्या वर्षी सोमदेव देववर्मन, बोपण्णा आणि लिएंडर पेस गेलेच नव्हते, कारण एशियाडमध्ये क्रमवारीचे गुण मिळत नाहीत आणि त्याच आठवड्यांत दुसरीकडे गुण मिळणाऱ्या स्पर्धा होत्या. सानियानंही आधी नाही म्हटलं होतं, मग आली. बडी नावं घरी राहिल्यावर भारताला टेनिसमध्ये पाच पदकं मिळाली आणि त्यातली चार दुहेरीची होती. सानियाचं साकेत मायनेनीबरोबरचं मिश्र दुहेरीचं सुवर्ण त्यातच आलं. दोन वर्षांनी प्रार्थना सानियाबरोबर रिओ ऑलिंपिकलाही खेळली. बार्शीहून रिओपर्यंतचा रस्ता एकेरीनं मिळाला असता, असं मला तरी वाटत नाही.

एशियाडमधल्या टेनिसची खरी किंमत मला इथं दिसते. ती गुणांची नाही, पैशाचीही नाही. वर्षभर दौऱ्यावर जोडीदार बाजारात मिळतो. तुझी क्रमवारी काय, माझी काय, दोघांची बेरीज स्पर्धेच्या कटऑफमध्ये बसते का, बसली तर खेळू, नाही तर नमस्कार. मिश्र दुहेरी तर ग्रँड स्लॅम सोडून जवळजवळ कुठं होतच नाही, आणि तिथं ऋतुजाच्या क्रमवारीच्या मुलीला बोपण्णासारखा जोडीदार स्वप्नातही मिळायचा नाही. एशियाडमध्ये जोडी देश लावतो. खालच्या पायरीवरची खेळाडू अचानक वरच्या पायरीवरच्या माणसाच्या शेजारी उभी राहते आणि तिला सिद्ध करायला आठवडाभर मिळतो. टेनिसमध्ये एरवी अशी संधी नाही. म्हणून 'एशियाडचं टेनिस म्हणजे दुय्यम' असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. शिवाय दुय्यम म्हणावं तर हांगझोऊची महिला एकेरी जिंकलेली चीनची झेंग छिनवेन पुढच्याच वर्षी पॅरिसला ऑलिंपिक विजेती झाली.

जोडीतला दुसरा म्हटलं की मला गौरव नाटेकरही आठवतात, बॅडमिंटनच्या नंदू नाटेकरांचे चिरंजीव. 1994 च्या हिरोशिमा एशियाडमध्ये पुरुष दुहेरीचं सुवर्ण पेस-नाटेकर जोडीचं होतं. सांघिक सुवर्णही होतं. तेव्हा पेस अजून 'पेस' व्हायचा होता, अटलांटाचं कांस्य दोन वर्षं लांब होतं. त्यामुळे त्या जोडीत पहिला कोण आणि दुसरा कोण, हे ठरवणं अवघड आहे. पण आज त्या पदकाची आठवण काढली की लोक पेसचं नाव घेतात, आणि आपल्या मराठी माणसालाही नाटेकर म्हटल्यावर बॅडमिंटनच आठवतं.

या शतकात एशियाडमध्ये भारताला टेनिसची आठ सुवर्णपदकं मिळाली आहेत. 2002 ला एक, 2006 ला दोन, 2010 ला दोन आणि मग 2014, 2018, 2023 ला प्रत्येकी एक. आठातली सात दुहेरीची आहेत. एकेरीचं एकच, 2010 च्या ग्वांगझूचं, सोमदेवचं. एकेरी सोडा असं मी म्हणत नाही. हांगझोऊत सुमित नागलनं पुढे विजेता ठरलेल्या झांग झिझेनकडून पहिला सेट घेतला होता, नंतरचे दोन घालवले. पण ज्या दुकानात माल खपतो त्या दुकानाला निदान दारं-खिडक्या तरी असाव्यात. आपली अवस्था काय? आंतरराष्ट्रीय ज्युनियर क्रमवारीत दुहेरीचे गुण पाव हिश्श्यानंच धरले जातात. साहजिकच पालक त्या हिशेबानं चालतात. स्पर्धेच्या पहिल्या दिवशी साइन-इनच्या टेबलापाशी जाऊन उभं राहा. 'मॅडम, हिला पार्टनर मिळेल का?' बाजूला दुसरी मुलगी पाण्याची बाटली घेऊन उभीच असते. 'ही चालेल?' 'चालेल.' दोघींची नावं एका ओळीत लिहिली जातात. एकमेकींचा डावा-उजवा हातही त्यांना ठाऊक नसतो, ड्यूसला कोण आणि अ‍ॅडला कोण हे टॉस झाल्यावर ठरतं. आणि एकेरीत लवकर हरल्या की रात्रीच्या गाडीचं तिकीट असतं, म्हणून दुहेरीत वॉकओव्हर.

मोठ्यांचंही फार वेगळं नाही. 2018 ला एशियाडसाठी पालेमबांगला जायच्या तोंडावर पेसनं माघार घेतली, कारण दुहेरीचा मुरलेला जोडीदार मिळाला नाही. त्याआधी 2012 च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी पेसबरोबर कुणी खेळायचं यावरून जे भांडण झालं ते साऱ्या देशानं पाहिलं. त्या भांडणात चूक कुणाची, हा विषय मी केव्हाच सोडला. माझं म्हणणं इतकंच की, जोडी ही निवड समितीच्या बैठकीत शेवटच्या महिन्यात लावायची गोष्ट नव्हे. 2018 ला बोपण्णा आणि दिविज शरण सुवर्ण जिंकले, 2023 ला बोपण्णा-ऋतुजा जिंकले, म्हणजे ही घाईची पद्धत बरोबर, असं कुणी सांगू लागलं तर त्याला मी हांगझोऊतलेच बाकीचे निकाल दाखवीन. आपली दुसरी मिश्र जोडी होती युकी आणि अंकिता रैना, दोघंही अनुभवी. ती फिलिपाइन्सच्या जोडीकडून हरली. त्या जोडीत अलेक्झांड्रा ईआला होती, तेव्हा अठराची.

2025 ला अमेरिकन ओपननं एक प्रयोग केला, त्यानं माझं म्हणणं फुकटात सिद्ध झालं. मिश्र दुहेरी मुख्य स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात हलवली, निम्म्या जागा एकेरीच्या क्रमवारीवर दिल्या, सेट छोटे केले, बक्षीस दहा लाख डॉलर ठेवलं आणि जगातली मोठमोठी एकेरीची नावं उतरवली. दुहेरीवाले चिडले, आणि चिडणं रास्त होतं. जिंकलं कोण? सारा एर्रानी आणि आंद्रेआ वावासोरी, दुहेरीची मुरलेली इटालियन जोडी. अंतिम सामन्यात त्यांनी एकेरीच्या श्फियाँतेक-रूड जोडीला हरवलं. एर्रानीची सर्व्हिस म्हणजे एकेरीवाल्यांचा चेष्टेचा विषय. पण कुठं उभं राहायचं, केव्हा सरकायचं आणि जोडीदार सरकला तर मागची जागा कुणी भरायची, हे तिला झोपेतही ठाऊक आहे.

मग करायचं काय? 2026 ची एशियाड 19 सप्टेंबरपासून जपानमध्ये, आयची-नागोयाला. त्या एका स्पर्धेपुरतं बोलून उपयोग नाही, कारण ऋतुजा काही एका महिन्यात तयार झाली नव्हती. ती अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली आहे. अमेरिकन कॉलेज टेनिसमध्ये प्रत्येक लढतीची सुरुवातच दुहेरीनं होते आणि संघाचा पहिला गुण दुहेरीच्या सामन्यांवर ठरतो. तिथं चार वर्षं काढलेल्या मुलीला 'सॉरी' म्हणायची सवय राहत नसावी, असा माझा अंदाज. हे काम इथं करता येणार नाही असं थोडंच आहे! राज्याच्या ज्युनियर स्पर्धांत मिश्र दुहेरी ठेवा. कोर्ट कमी पडतात म्हणाल तर आठ गेमचा एकच सेट ठेवा, पण ठेवा. दुहेरीची नावं एकेरीबरोबरच, घरून निघण्याआधी घ्या, टेबलापाशी नको. संघटनेला पैसे हवे असतील तर सरकारनं पदकानंतरच्या बक्षिसातला थोडा भाग आधी द्यावा. पदक जिंकल्यावर क्रीडामंत्र्यांच्या हातचा धनादेश कुणाला नको असतो? पण त्या धनादेशानं मागच्या वर्षीचं विमानाचं तिकीट निघत नाही. पुण्याला, सोलापूरला, नवी मुंबईला महिलांच्या आयटीएफ स्पर्धा झाल्या आहेत. त्यांत दुहेरीच्या वाइल्ड कार्डवर महाराष्ट्रानं आपल्याच दोन मुलींची जोडी वर्षभर एकत्र खेळवायची ठरवली तर त्याला फार मोठं बजेट लागत नाही. लागतो तो वर्षभराचा आग्रह, आणि एकीनं मोठी स्पर्धा मिळाल्यावर दुसरीला सोडून जाऊ नये इतकी समज. ही समज आणणं पैशापेक्षा अवघड आहे, हे मी मान्य करते. माझ्याकडच्या दोन चांगल्या जोड्या अशाच फुटल्या. एकीचे वडील म्हणाले, 'मॅडम, आमची पुढं चाललीय, तिला कशाला अडकवायचं?' मी म्हटलं, ती पुढं चाललीय कारण नेटवर दुसरी उभी होती. त्यांना ते पटलं नाही. त्यांची मुलगी आता एकेरीत दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपर्यंत जाते, आणि दुहेरीत तिचं नाव साइन-इनच्या कागदावर दर वेळी वेगळ्या मुलीशेजारी असतं.