तोंड पोळले!

फराळाचा चिवडा अंमळ तिखट झाला, की आपण म्हणतो, ‘तोंड पोळले.’ चहाचा कढत घोट घेतला, तरी म्हणतो, ‘तोंड पोळले.’ मराठीच्या वर्गात यातल्या पहिल्या पोळण्याला आम्ही लक्षणा म्हणू. शरीरशास्त्र मात्र म्हणते, मास्तर, ही लक्षणा नव्हे, साधी अभिधाच!

१९९७ साली अमेरिकेत डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या मज्जातंतूंवरची एक सूक्ष्म झडप शोधून काढली. उष्णता ४३ अंशांच्या आसपास गेली की ती उघडते, आणि मिरचीतले कॅप्सेसीन लागले तरी उघडते. मेंदूला निरोप एकच: पोळले! आमच्या नागपुरी सावजी रश्श्याने कपाळावर घाम का फुटतो, ते आता कळले असेल. ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

या झडपेची एक चुलत बहीण आहे. फेसलेली मोहरी नाकात जाते, ती हिच्यामुळे. २०१० साली ज्युलियस यांच्याच प्रयोगशाळेत आढळले, की अमेरिकेतला रॅटलस्नेक साप शिकार हेरतो तो याच झडपेच्या बळावर. त्याचा आपल्याकडचा भाऊबंद म्हणजे आंबोलीच्या रानातला हिरवा चापडा. नाकपुडी आणि डोळा यांच्यामध्ये या सापांना एक खळगी असते, आणि तिच्यात अतिशय पातळ पडदा. उंदराच्या अंगातून निघणारे अवरक्त किरण त्यावर पडले की पडदा किंचित तापतो आणि झडप उघडते. हा निरोप मेंदूच्या ज्या भागात पोचतो, तिथेच डोळ्यांचाही पोचतो. तेव्हा काळोखात सापाला उंदीर ‘दिसतो’, हीसुद्धा अभिधाच. पणतीसमोर डोळे मिटून बसा. गालाला ऊब जाणवेल. विद्या तीच, साप तिच्यात पारंगत, इतकेच.

झडप सापडली, की माणूस तिला कळ बसवणारच. २०१७ साली शास्त्रज्ञांनी सापाच्या या झडपेचे जनुक झेब्राफिश नावाच्या चिमुकल्या माशाच्या मज्जापेशींत घातले आणि अवरक्त किरणांनी त्या पेशी हव्या तेव्हा जाग्या केल्या. शेवाळात अशीच प्रकाशाने उघडणारी झडप असते. ती एका दृष्टी गेलेल्या गृहस्थांच्या डोळ्यात, पडद्यातील पेशींत, बसवली गेली. खास चष्मा लावल्यावर समोरच्या टेबलावरची वही त्यांना दिसू लागली. हे २०२१ साली प्रसिद्ध झाले.

दुसऱ्याच्या मज्जातंतूंची कळ कोणाच्या हाती द्यावी, हा प्रश्न उद्या आपल्याही दारी येईल. तोवर एवढे ध्यानात ठेवू: शेवाळ आपण खराट्याने घासून काढतो, आणि साप दिसला की काठी शोधतो. त्याच शेवाळाच्या घरून उसन्या आणलेल्या झडपेने एका आंधळ्याला वही दिसली, आणि आणखी किती उसने आणावे लागेल, कोण जाणे!